हातांची आणि दिवसांची तयारी

दादरच्या एखाद्या जोडप्याला बाळंतपणाची तयारी कुठवर आली असं विचारलं, तर उत्तरादाखल एक यादी मिळते. रुग्णालयात नाव नोंदवलं, पॅकेज ठरलं. सातव्या महिन्यात हॉल घेऊन डोहाळजेवण झालं, फुलांच्या धनुष्यबाणासकट फोटो निघाले. गर्भसंस्काराचा वर्ग चालू आहे. स्टेम सेल बँकेचा माणूस येऊन माहिती देऊन गेला. लालबागच्या मसाला गल्लीतून डिंक, खारीक आणि अळीव आले. रुग्णालयात न्यायची बॅग दाराशी भरून ठेवली आहे. या यादीत वावगं काही नाही. मात्र तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पैसे मोजून मिळते, आणि बहुतेकींचा उपयोग प्रसूतीच्या दिवसापाशी संपतो. त्यानंतरच्या सव्वा महिन्यात रात्री तीन वाजता रडणारं बाळ कोण घेणार, बाळंतिणीला गरम ताट कोण वाढणार, बापाला रजा किती दिवसांची आणि आईची नोकरी तिची वाट पाहणार का, याबद्दल यादी गप्प असते.

बाळंतपणाला लागतात ते हात आणि दिवस. सोबत करणारे, जागणारे, रांधणारे हात आणि पगार न बुडता मिळणारे दिवस. या दोन गोष्टी एकट्या जोडप्याला बाजारातून आणता येत नाहीत. त्या कोणीतरी मिळून उभ्या कराव्या लागतात. गिरगाव ते परळ या पट्ट्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचला तर इथलं बाळंतपण कधी आणि कशामुळे सुरक्षित झालं हे स्पष्ट दिसतं. तो धडा आपण विसरत चाललो आहोत, अशी माझी तक्रार आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पूर्वी हे सगळं आपोआप व्हायचं. चाळीत शंभर हात होते, माहेर होतं, सुईण होती. या आठवणीत तथ्य आहे, पण अर्धंच. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालमृत्यूंची नोंद झाली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हाच आकडा आठशेच्या पुढे होता. आकड्यांत एक गफलत होती, हे खरं. गिरणगावातल्या पुष्कळ स्त्रिया बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. जन्म तिकडे व्हायचा, आणि तान्हं मूल घेऊन आई मुंबईला परतल्यावर मृत्यू मात्र इथे नोंदला जायचा. ती गफलत वजा केली तरी उरतं ते भयंकरच. शिवाय ती गफलतही बोलकी आहे. बाळंतपणाचा खर्च, श्रम आणि जोखीम गावाकडे ढकलून शहर आपलं काम करून घेत होतं.

त्याच सुमारास सरकारनं डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरची नेमणूक गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी केली. तिला दिसलं ते असं: दहा बाय बाराच्या अंधाऱ्या खोलीत चुलीच्या धुरात बाळंतपण, कळा सुरू होईपर्यंत खात्यात उभं राहून काम, आणि पोटासाठी लवकरात लवकर पुन्हा कामावर. आई दिवसभर गिरणीत, म्हणून तान्ह्यानं झोपून राहावं यासाठी त्याला अफूची गोळी. त्या गोळीला बाळागोळी असं लाडकं नाव होतं. ती देणारी आई निर्दय नव्हती. मूल सांभाळायला हात नव्हते आणि घरी बसायला दिवस नव्हते. म्हणजे शंभर हातांच्या चाळीतही ज्या बाईला दिवस मिळत नव्हते, तिचं बाळंतपण धोक्याचंच होतं. शेजारणी मायेनं पेज आणून देतील, पण शेजारणीही गिरणीतच जात होत्या. खोलीत मजुरी आल्याशिवाय पेजेचे तांदूळ येत नव्हते.

हे चित्र बदललं ते कोणा एका घराच्या शहाणपणानं नाही. आधी संस्था उभ्या राहिल्या. १८८६ मध्ये बोरीबंदरजवळ कामा रुग्णालय सुरू झालं, स्त्रियांसाठी आणि स्त्री-डॉक्टरांच्या हाती असलेलं. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांच्या शहरात हा मोठा बदल होता. पारशी समाजात बाळंतिणीला तळमजल्यावरच्या कोंदट खोलीत ठेवण्याची रीत होती. बाळंतज्वरानं तरुण बायका जात. डॉ. तेमुलजी नरिमन यांनी फोर्टमध्ये प्रसूतिगृह उभारून त्या खोलीलाच पर्याय दिला. गिरगावात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. मूल हवं का, कधी आणि किती, हा निर्णय बाळंतपणाच्या तयारीची पहिली पायरी आहे, हे उघडपणे म्हणणारा तो माणूस. त्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मग १९२६. त्या एका वर्षी परळला, आज ज्याला आचार्य दोंदे मार्ग म्हणतात तिथे, केईएम रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. वाडिया बंधूंनी वडिलांच्या नावे बांधलेलं प्रसूतिगृह गिरणी कामगारांच्या वस्तीत आलं, हे महत्त्वाचं. कळा सुरू झाल्यावर चालत जाता येईल इतक्या अंतरावर खाट मिळणं, ही लाखो कुटुंबांची तयारी एका इमारतीनं केली.

खाट मिळाली तरी दिवसांचा प्रश्न उरलाच होता. तो सोडवायला कायदाच लागणार होता. परळच्या एका रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते ना. म. जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. त्याच परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. परतल्यावर जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. चार वर्षांनी मुंबई कायदेमंडळात रा. सी. आसवले यांनी प्रांतापुरतं विधेयक मांडलं, आणि जुलै १९२८ मध्ये त्याच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आंबेडकर तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. त्यांना आणि पत्नी रमाबाईंना झालेल्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलैमध्ये. सभागृहात मात्र त्यांनी दुःखाचा आधार घेतला नाही, मुद्दा घेतला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे या खर्चाचा बराचसा भार सरकारनंच उचलायला हवा, असं ते म्हणाले. आणि त्याला जोडून, बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून मालकालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ आणे आणि काही आठवड्यांची रजा. रक्कम लहान होती, पण बाळंतपण हा घरचा खाजगी मामला नसून त्यात समाजही देणं लागतो, हे तत्त्व देशात पहिल्यांदा याच प्रांतात कायद्याच्या भाषेत उतरलं.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. रजेचा कायदा झाला आणि बायकांच्या नोकऱ्या गेल्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांपैकी जवळपास पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती. पुढच्या दशकांत हे प्रमाण घसरत गेलं. नवी यंत्रं, रात्रपाळीवरची बंदी, नायकिणींच्या, म्हणजे स्त्री-मुकादमांच्या, हातातली भरती अशी अनेक कारणं त्यामागे होती; पण बाईला ठेवलं की भत्ता द्यावा लागतो हा मालकांचा हिशेबही त्यात होता. आजही तोच हिशेब ऐकू येतो. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानं १२ आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी ते २६ झाले. रजा वाढली, पण कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेरच्या आस्थापनांत पूर्ण पगाराचा बोजा एकट्या मालकावर राहिला. दहा-पंधरा माणसांचं छोटं ऑफिस चालवणारा मुलाखतीत लग्नाचं विचारतो, तो याच कारणानं.

हा आक्षेप खरा आहे, पण तो रजेविरुद्ध जात नाही. पैसे कुठून येतात त्याविरुद्ध जातो. १९१९ च्या करारातच बाळंतपणाचा भत्ता सरकारी निधीतून किंवा विम्यातून द्यावा असं म्हटलं होतं. आंबेडकरांनीही सरकारचा वाटा आधी मांडला होता. शंभर वर्षं आपण कायद्याचा मालकावरचा भाग वाढवत नेला आणि सरकारचा वाटा सोडून दिला. परिणाम दुहेरी झाला. नोकरी असलेल्या बाईला नोकरी गमावण्याची भीती, आणि नोकरीची कागदोपत्री नोंदच नसलेल्या बाईला काहीच नाही.

दुसऱ्या प्रकारची बाई आपल्या तयारीच्या यादीत असते, फक्त तिच्या नावानं नाही. बाळाला न्हाऊ घालणारी, बाळंतिणीला तेल लावून शेक देणारी मालीशवाली. माहेर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. गिरण्या बंद पडल्या, खोल्या विकल्या गेल्या, आईवडील डोंबिवलीला किंवा विरारला गेले. आजी होणारी बाई स्वतः नोकरीत असते किंवा तिचे गुडघे बोलू लागलेले असतात. मग एजन्सीतून बारा तासांची, चोवीस तासांची बाई ठेवली जाते. ती आपलं मूल चुलतीकडे किंवा मोठ्या मुलीकडे ठेवून येते. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला भरपगारी रजा नव्हती. पहिल्या मुलासाठी केंद्र सरकारची मातृवंदना योजना पाच हजार रुपये देते, तेही हप्त्यांनी. दादरच्या बाळंतिणीचा सव्वा महिना ज्या हातांवर निभावतो त्या हातांना स्वतःचा सव्वा महिना मिळत नाही, आणि १९२१ च्या गिरणी कामगार स्त्रीची अडचण आज तिच्या घरी जशीच्या तशी आहे. आपण तिला किती पैसे देतो, सुट्टी देतो का, हा आपल्या तयारीचाच भाग आहे.

यादीतल्या दोन गोष्टींकडे आता जरा बारकाईनं पाहतो, कारण त्यांच्यात ही सगळी दिशा दिसते. पहिली, स्टेम सेल बँक. नाळेचं रक्त साठवण्यासाठी होऊ घातलेल्या आईबापांना हजारो रुपये भरायला लावतात. भविष्यात मुलाला असाध्य आजार झाला तर उपयोगी पडेल, असं सांगतात. मुलाच्या स्वतःच्या उपयोगासाठी अशी खाजगी साठवण करायला शास्त्रीय आधार नाही, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची भूमिका आहे. दादरपासून दोन-तीन स्टेशनांवर, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, वेगळी बँक आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली ही आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी. आयांनी दिलेलं जादा दूध तिथे तपासून, निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिलं जातं. एका बँकेत आपण आपल्याच मुलाच्या न आलेल्या संकटासाठी पैसे गाडतो, दुसरीत कोणा बाईचं दूध आज कोणा अनोळखी मुलाला जगवतं. या दोन बँकांपैकी डोहाळजेवणाच्या हॉलमध्ये जाहिरात कुठलीची असते, ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट गर्भसंस्कार. गरोदरपणी चांगलं संगीत ऐकावं, मन शांत ठेवावं, याला कोणाचा विरोध असणार? पण वर्गांच्या जाहिराती तिथे थांबत नाहीत. मूल बुद्धिमान होईल, संस्कारी होईल, प्रसूती नैसर्गिक होईल, असं आश्वासन दिलं जातं. म्हणजे तसं झालं नाही तर आईचं मन कमी पडलं. रक्तदाब वाढून आठव्या महिन्यात शस्त्रक्रिया करावी लागलेली मुलगी मग स्वतःला दोष देत बसते. महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. लोहाच्या गोळ्या, रक्तदाब, साखर, वेळेवर सोनोग्राफी या कंटाळवाण्या गोष्टी बाळाचं भलं श्लोकांपेक्षा जास्त करतात. पण त्यांचा समारंभ होत नाही.

शस्त्रक्रियेबद्दलही जोडप्यानं विचार करून ठेवायला हवा, भीती घेऊन नाही. याच पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात सरकारी रुग्णालयांतल्या १४ टक्के प्रसूती सिझेरियननं झाल्या आणि खाजगीतल्या ४७ टक्के. महाराष्ट्राचं एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे आहे. समाजातलं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर मृत्यू आणखी कमी होत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. म्हणून आपल्या बाईला शस्त्रक्रिया नको म्हणायची का? मुळीच नाही, वेळेवर झालेल्या सिझेरियननं असंख्य जीव वाचले आहेत. पण नाव नोंदवताना खोलीत टीव्ही आहे का हे विचारण्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रियेचा निर्णय कुठल्या कारणांनी घेता? रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त कुठून येतं? बाळाला अतिदक्षता लागली तर इथेच सोय आहे का? आणि कळांच्या वेळी बाईजवळ कोणाला थांबू देता? शेवटच्या महिन्यांत माहेरी जायचं असेल तर सगळी फाइल बरोबर हवी आणि तिथल्या डॉक्टरकडे आधीच जाऊन आलेलं हवं. मुहूर्त काढून पोट फाडण्याची टूम घरातल्या कोणी काढली, तर नाही म्हणायची तयारीही जोडप्याचीच.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कळांच्या वेळी सतत कोणीतरी आपलं माणूस जवळ असेल तर कळांचा काळ थोडा घटतो आणि शस्त्रक्रियेचं प्रमाणही कमी होतं, हे अनेक देशांतल्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. सोबत ही भावनेची चैन नाही, औषधासारखी मोजता येणारी मदत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी द्यावी असं सांगितलं. पण एका दालनात अनेक खाटा आणि मध्ये पडदेसुद्धा पुरेसे नसले की ही परवानगी कागदावर राहते. पडदे, खाटा, परिचारिका यांची संख्या पालिकेच्या अंदाजपत्रकात ठरते. कोणा सुनेला कळांमध्ये एकटं पडावं लागतं का, याचं उत्तर म्हणूनच नगरसेवकाकडेही मागायचं असतं.

आणि बाप? आपल्या परंपरेनं त्याला बारशाला पेढे वाटण्याचं काम दिलं. सातव्या महिन्यापासून बायको माहेरी. तो शनिवार-रविवार जाऊन यायचा. माहेरची ही सोय त्याला पोसणारी होती, त्याला काही शिकवणारी नव्हती. आता माहेर आटलं आहे तर जागा त्याचीच आहे. बाळाचे लंगोट धुणं, रात्रीची एक पाळी घेणं, बाळंतीण दिवसेंदिवस गप्प राहू लागली तर ते ओळखून डॉक्टरकडे नेणं, भेटायला येणाऱ्या नातलगांना दारातच आवरणं, यासाठी कुठलाही संस्कारवर्ग लागत नाही. लागतात ते दिवस. केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एकही नाही. रजा फक्त आईला आणि तीही मालकाच्या खिशातून, असं आहे तोवर मुलाखतीतला तो प्रश्न मुलींनाच विचारला जाणार. बापालाही सक्तीची रजा असेल तर तो प्रश्न विचारण्यात अर्थच उरणार नाही.

लोअर परळला ज्या जमिनींवर गिरण्या होत्या तिथे आज काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत हजारो तरुण स्त्री-पुरुष काम करतात. ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी, असं २०१७ च्या दुरुस्तीनं सांगितलं. बाजूच्या बीडीडी चाळींच्या जागी मनोरे येत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे. बाळंतिणीला स्वतःची खोली मिळणार, ही चांगलीच गोष्ट. पण सामायिक गॅलरी गेल्यावर शेजारणीचा जो हात सहज पोचत होता तो आता ठरवून पोचवावा लागेल. सोसायटीच्या सभेत व्यायामशाळा आणि पार्किंगवर तास जातात. पाळणाघराचा विषय कोणी काढत नाही, कारण बाळंतपण हा ज्याच्या त्याच्या घरचा विषय असं आपण पुन्हा मानू लागलो आहोत.

ते तसं नाही, हे याच मातीत एकदा भांडून सिद्ध झालं आहे. म्हणून आज मूल होणाऱ्या जोडप्यानं बॅग जरूर भरावी, लाडू जरूर वळावेत. पण त्याआधी बसून सव्वा महिन्याचं वेळापत्रक लिहावं: कुठल्या दिवशी कोणाचे हात. त्यात रिकाम्या राहिलेल्या रकान्यांपैकी काही नातलग भरतील, काही मित्र, काही नवरा. उरलेले रकाने कंपनीचे, पालिकेचे आणि सरकारचे आहेत. ते रिकामे राहिले तर दोष जोडप्याच्या तयारीचा नाही. ते भरून मागणं हाच तयारीचा सर्वांत अवघड आणि सर्वांत टाळला जाणारा भाग आहे.